अजून ‘अ’ चालू आहे

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात संस्कृतचा एक कोश १९४८ सालापासून तयार होतो आहे. त्याचा पहिला खंड छापून बाहेर पडला तो १९७६ साली. त्यानंतर आजवर तीसहून अधिक खंड निघाले आणि काम अजून ‘अ’ने सुरू होणाऱ्या शब्दांतच आहे. ‘आ’ यायचा आहे. ‘क’ आणि ‘प’ तर फारच लांब. ज्यांनी हे काम आखलं ते डॉ. सु. मं. कत्रे आज नाहीत, पहिल्या खंडाचे संपादक डॉ. अ. मा. घाटगेही नाहीत. आज तिथे काम करणाऱ्यांपैकी कुणालाही शेवटचा खंड पाहायला मिळण्याची शक्यता नाही आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी रोज खोली उघडते, कपाटांचे खण ओढले जातात आणि काल जो शब्द अर्धा राहिला तिथून पुढे काम सुरू होतं.

मी शाळेत संस्कृत शिकवते. आमचं रोजचं काम वामन शिवराम आपट्यांच्या कोशावर भागतं. १८९० साली एका माणसाने तो पुरा केला आणि अवघ्या दोन वर्षांत, ऐन तारुण्यात तो माणूस गेला. आपट्यांचा कोश शब्दाचा अर्थ देतो आणि बहुतेक वेळा आपल्याला तेवढाच हवा असतो. डेक्कन कॉलेजच्या कोशाची रीत निराळी आहे. शब्द पहिल्यांदा कुठे भेटला, पुढच्या शतकांत त्याला कोणते अर्थ फुटले, त्यातला कोणता मागे पडला, हे सारं तो कालक्रमाने मांडतो, आणि प्रत्येक अर्थाला मूळ ग्रंथातला पुरावा देतो. त्यासाठी ऋग्वेदापासून थेट गेल्या दोनेकशे वर्षांपर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले. व्याकरण, वैद्यक, धर्मशास्त्र, गणित, काव्य, शिल्प, पाकशास्त्र अशी अनेक शास्त्रं त्यात आली. पंचवीस वर्षं नुसतं वेचणीचं काम चाललं. एकेक ग्रंथ घ्यायचा, ओळीओळीने वाचायचा, शब्द उचलायचा आणि स्लिपेवर उतरवायचा. अशा स्लिपा एक कोटीच्या घरात आहेत.

ती खोली मी माझ्या भाच्याबरोबर पाहिली.

भाचा परभणीकडचा, माझ्या बहिणीचा मुलगा. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आला आणि आमच्याकडे राहिला. ज्यांनी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका पाहिल्या असतील त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीचा एखादा मजला, लाकडी पार्टिशनचे अरुंद कप्पे, खुर्चीला खुर्ची लागलेली, समोर चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा आणि राज्यघटनेच्या कलमांचा तक्ता. पहाटे जागा धरायची, दुपारी मेसचा डबा, रात्री उशिरा चहाच्या टपरीवर एकच बोलणं: जाहिरात कधी येणार, पूर्व कधी, मुख्य कधी, कट-ऑफ किती लागेल. पोरं अठरा-वीसची येतात आणि बघता बघता तिशीला टेकतात. परीक्षा पुढे जाते, निकाल लांबतो, निकाल लागला तरी नेमणूक अडते. गावाकडून फोन येतो तो एकाच वाक्याचा: काय झालं रे तुझं? ‘काही नाही, चालू आहे’ एवढंच उत्तर त्या पोरांजवळ असतं. ते देताना माझ्या भाच्याचा आवाज बारीक व्हायचा.

त्या दिवशी मला कोशाचा एक खंड पाहायला जायचं होतं आणि तो मला दुचाकीवरून सोडायला आला होता. बाहेर थांबण्यापेक्षा आत चल म्हटलं. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत, मोठमोठी झाडं, टिळक जिथे विद्यार्थी म्हणून राहिले ती जपून ठेवलेली खोली हे सगळं त्याने उत्सुकतेने पाहिलं. इतिहासाच्या पेपरासाठी यातलं बरंच त्याला पाठ होतं. मग आम्ही कोशाच्या विभागात गेलो. तिथे या जागेला स्क्रिप्टोरियम म्हणतात. ओळीने उभी कपाटं, कपाटांना लहान लहान खण, खणांत दाटीवाटीने उभ्या लावलेल्या स्लिपा. एक खण ओढून आम्हाला दाखवला.

तळहाताएवढा कागद, कडेने पिवळा पडलेला. वर शब्द. खाली ज्या ओळीत तो आला ती ओळ, शेजारी ग्रंथाचं नाव, अध्याय, श्लोकाचा आकडा. अक्षर शाईचं, बारीक, एकसारखं. खोडाखोड नाही. लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला तरी दिसलं नाही. मागची स्लिप काढली तर तोच शब्द, दुसरा ग्रंथ, अक्षर वेगळं. तिच्या मागे तोच शब्द, तिसरा ग्रंथ. ‘अक्ष’सारखा दोन अक्षरांचा शब्द घ्या. तो जुगाराचा फासा आहे, ज्या बेहड्याच्या फळांनी वेदकाळी जुगार खेळत ते फळही आहे, रथाच्या चाकाचा आस आहे आणि पुढे डोळाही आहे. आता इतक्या स्लिपांतून कोणती ओळ कुठल्या अर्थाखाली जाते, टीकाकाराने दिलेला अर्थ घ्यायचा की संदर्भ वेगळं सांगतो, दोन ग्रंथांपैकी आधीचा कोणता, हे सगळं ठरल्याशिवाय कोशातली एक नोंद उभी राहत नाही. ती नोंद वाचायला आपल्याला दोन मिनिटं लागतात.

भाच्याने एक स्लिप बराच वेळ हातात धरली होती. काही बोलला नाही. रात्री जेवताना मात्र म्हणाला, ‘मावशी, ज्यांनी या लिहिल्या त्यांना महिन्याला पगार होता ना?’

होता, मी म्हटलं.

‘मग बरोबर आहे,’ तो म्हणाला आणि ताट उचलून आत गेला.

त्याआधी मी त्याला काय काय सांगत असे ते मला आठवलं. अभ्यास वाया जात नसतो, फळाची चिंता करू नकोस, आजचा दिवस नीट कर. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि आजही मी ते मानते. पण त्याच्या त्या प्रश्नाने माझ्या विचाराला एक जोड मिळाली जी पोथ्यांतून मिळाली नसती. धीर धरायचा म्हणजे काय करायचं आणि तो कशाच्या बळावर धरता येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिलीबद्दल पुष्कळ बोलतो. दुसरीबद्दल गप्प असतो.

आधी पहिली गोष्ट. त्या स्लिपेकडे पाहून मला जे उमगलं ते असं की, ती त्या दिवशीच पुरी झालेली होती. पन्नास-साठच्या दशकात कुणीतरी एक ओळ वाचली, शब्द ओळखला, आकडा तपासला, कागदावर उतरवला. कोश पुरा होवो न होवो, त्या कामात आता काही उणं राहिलेलं नाही. उद्या कुणी तो खण ओढेल तेव्हा त्याला खरी गोष्ट सापडेल. ज्या कामाला शंभर वर्षं लागणार त्यातही आजच्या दिवसाचं काम आज संपतं, आणि ते खरं की खोटं, नेटकं की गबाळं, हे आजच ठरतं. लांबच्या कामात माणसं टिकतात ती शेवटाकडे डोळे लावून नव्हे, असं मला वाटतं. हातातली स्लिप पुरी करण्यात त्यांना समाधान मिळतं म्हणून ती दुसऱ्या दिवशी परत येतात.

पुण्यातच याचं दुसरं उदाहरण आहे आणि ते पुरं झालेलं आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळी हस्तलिखितं ताडून पाहून ठरवलेला पाठ, काढायचं ठरवलं आणि १ एप्रिल १९१९ रोजी खुद्द रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हातून कामाचा आरंभ झाला. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. हे काम आपल्या डोळ्यांदेखत संपेल असं त्यांना वाटलं असेल, हे संभवत नाही. सहा वर्षांनी ते गेले. त्याच वर्षी, १९२५ साली, विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादनाची सूत्रं घेतली. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला भाषाशास्त्राकडे वळलेला हा माणूस. त्याने पाठ ठरवण्याची शिस्त घालून दिली.

ती शिस्त कशी होती ते पाहण्यासारखं आहे. एका मोठ्या कागदावर आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन आखायचे. वरच्या ओळीत श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली एकेका हस्तलिखितासाठी एकेक ओळ. हस्तलिखितातलं अक्षर वरच्या अक्षराशी जुळलं तर चौकोन रिकामा ठेवायचा. वेगळं असेल तेवढंच लिहायचं. असं शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्यांचं वाचन चाललं. एकूण बाराशेंहून अधिक हस्तलिखितं तपासली गेली. दिवसभर बसून एखाद्याच्या कागदावर बहुतेक चौकोन रिकामेच राहत असतील. पण तो रिकामा चौकोनही कुणीतरी अक्षर पाहून, खात्री करून रिकामा ठेवलेला असे. त्याच्यावरच पुढचा निर्णय उभा राहायचा.

सुकथनकरांचं आदिपर्व १९३३ साली पुरं झालं, आरण्यकपर्व १९४२ साली. मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर ते चार व्याख्यानं देणार होते; तीन झाली आणि चौथं व्हायच्या आधी २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचं निधन झालं. काम थांबलं नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, भीष्मपर्व त्यांनी संपादित केलं. म्हणजे ज्या गीतेचं नाव घेऊन आपण एकमेकांना फळाची आशा सोडायला सांगतो, तिचीही अक्षरं याच चौकोनांतून गेली. बेलवलकरांनंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ही आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. आरंभापासून सत्तेचाळीस वर्षं, एकोणीस ग्रंथ, एकोणनव्वद हजारांच्या आसपास श्लोक. पूर्ण झालं म्हणून लोक उठून घरी गेले असंही नाही. हरिवंशाचं काम पुढे झालं, मग सूची, मग महाभारताची सांस्कृतिक सूची. त्या सूचीचे संपादक डॉ. म. अ. मेहेंदळे नव्वदी ओलांडल्यावरही कामात होते. २०२० साली एकशे दोन वर्षांचे होऊन ते गेले. ज्यांना वाटेची गोडी लागली त्यांना मुक्काम आला तरी पुढची वाट दिसते.

इथवर लिहिणं सोपं आहे. पण माझ्या भाच्याचा प्रश्न बाजूला सारून पुढे गेले तर हे सगळं सुभाषित होऊन बसेल. या माणसांचा धीर मोठा होता, हे खरंच. पण त्या धीरामागे कुणीतरी उभं होतं. महाभारताच्या आवृत्तीसाठी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले, तेव्हा कामाला सुरुवातही झालेली नव्हती. पुढे हैदराबादच्या निजामाने अनुदान दिलं; त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं अतिथिगृह अजून संस्थेत आहे. सरकारांनी, संस्थानांनी, विद्यापीठांनी पैसे घातले. कोशाच्या स्लिपा लिहिणाऱ्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला. ‘किती श्लोक झाले’ असं विचारण्याचा हक्क देणाऱ्यांना होता आणि त्यांनी तो वापरलाही असेल. पण पहिलं पर्व निघेपर्यंत त्यांनी हात आखडता घेतला नाही.

एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे, कारण धीराच्या नावाखाली आपल्याकडे ढिलाईही खपते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत, बारा-तेरा वर्षांच्या आत पुरे केले. त्यासाठी कंपनी काढली, समभाग विकले, वर्गणीदार गोळा केले, लेखकांमागे तगादा लावला. तो झपाटाही धीरच होता. मोठ्या कामाला चिकटून राहण्याची तीच ताकद त्यात होती. उलट माणसं नेमायला पैसा नाही म्हणून एखादं काम रखडतं तेव्हा त्याला संयम म्हणू नये. जिथे कामालाच वेळ लागतो तिथे थांबावं, आणि जिथे कुणाच्या तरी बेपर्वाईमुळे वेळ जातो तिथे आवाज उठवावा. परीक्षेचा निकाल वर्षभर लांबतो, त्यात त्या पोरांनी शिकावं असं काहीही नाही. तो त्यांच्या आयुष्यातून उगाच काढून घेतलेला काळ आहे.

म्हणून ‘प्रवासाचा आनंद घे’ असं पोटापाण्याची सोय असलेल्या माणसाने, ती सोय नसलेल्याला सांगताना जपून सांगावं. वाटेला लावायचं तर शिदोरी बांधून द्यावी लागते. ती फक्त पैशाची नसते. रोज संध्याकाळी घरी आल्यावर कुणीतरी ‘आज काय वाचलंस?’ असं विचारलं आणि खरोखर ऐकून घेतलं तर तीही शिदोरीच. भाच्याच्या त्या प्रश्नानंतर आमच्या घरात मी हा एक बदल केला. निकालाचा विषय तो काढेल तेव्हाच काढायचा. मी त्याला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम समजावून सांगायला लावलं. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एकावर जमीन कुणाची ते, दुसऱ्यावर पीक कोणतं ते. फेरफार म्हणजे काय, वारसनोंद कशी होते, हरकत किती दिवसांत घ्यायची. सांगताना त्याचा आवाज पूर्वीचा असायचा, फोनवरचा बारीक आवाज नसायचा.

त्याची निवड झाली नाही. मुख्य परीक्षेपर्यंत गेला, पुढे नाही. वयाची मर्यादा यायच्या आधीच त्याने स्वतः ठरवून परतीची वाट धरली. आता तो तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत काम करतो. रविवारी त्याच्या ओट्यावर माणसं येतात, हातात फेरफाराची नोटीस, मोजणीचा कागद, बापाच्या नावावरचा जुना उतारा. तो वाचून दाखवतो, अर्ज लिहून देतो, तलाठ्याकडे नेमकं काय मागायचं ते सांगतो. पैसे घेत नाही. त्याला दुःख नाही असं मी म्हणणार नाही. त्या वर्षांबद्दल बोलताना तो अजून मध्येच थांबतो. पण जे शिकला ते पक्कं शिकला होता, म्हणून ते आज दुसऱ्याच्या कामाला येतं. गुण मिळवण्यापुरतं घोकलं असतं तर निकालाबरोबर तेही गेलं असतं.

माझ्या वर्गातही मी आता थोडं वेगळं करते. मुलं संस्कृत घेतात ती गुणांसाठी, आणि दहावीच्या टक्क्यांवर पुढचा प्रवेश ठरत असताना त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांचे शंभरातले शंभर यावेत म्हणून मी जीव तोडून शिकवते. पण वर्षातून काही तास मी परीक्षेत न येणाऱ्या गोष्टीसाठी राखते. एक श्लोक, आणि तो पूर्ण उलगडेपर्यंत घाई नाही. समास सोडवायचा, धातू शोधायचा, एकाने सुचवलेला अर्थ दुसऱ्याने तपासायचा. पहिल्या दहा मिनिटांत चुळबुळ होते. मग कुणीतरी एकदम म्हणतं, ‘बाई, म्हणजे इथे कर्ता वेगळाच आहे!’ त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात याचा आकडा कुठेच येत नाही.

तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कुणीतरी असं लांबच्या वाटेवर असेल. कुणी परीक्षा देत असेल, कुणी प्रबंध लिहीत असेल, कुणी गाणं शिकत असेल, कुणी खडकाळ जमिनीत नवी बाग लावून पहिल्या बहराची वाट पाहत असेल. त्यांना धीर धरायला जरूर सांगा. पण सांगण्याआधी स्वतःला विचारा की, त्यांचा धीर टिकावा म्हणून मी काय दिलं आहे? एक खोली, एका महिन्याची फी, एखादं पुस्तक, एक संध्याकाळ, काहीही चालेल. पुढच्या वेळी भेटलात तर ‘कधी होणार?’ हा प्रश्न गिळून टाका आणि आज हातात काय आहे ते विचारा. मग बसून, घड्याळाकडे न बघता, उत्तर ऐका.